मस्की माशासाठी गळाचा रॉड घेताय? छापील वजन वाचा
अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या तळ्यांत मस्कीच्या (मोठ्या शिकारी माशाच्या) मागे लागायचं असेल, तर रॉडवरच्या 'हेवी' शब्दावर जाऊ नका. प्रत्येक कंपनीचं हेवी वेगळं. मुठीच्या वर छापलेली ल्यूरच्या (कृत्रिम आमिषाच्या) वजनाची किमान-कमाल मर्यादा वाचा. तुमचा नेहमीचा ल्यूर तिच्या मधोमध बसायला हवा. ३ ते ८ औंसांच्या ल्यूरसाठीचा रॉड बहुतेक कामं निभावतो. पौंडभर वजनाच्या रबरी ल्यूरचं धूड मात्र त्यावर जोरात भिरकावलंत तर रॉड मोडायचा.

एक गोम आहे. दोन मोठ्या पात्यांचा बकटेल (केसांच्या झुपक्याचा, फिरत्या पात्यांचा ल्यूर) भरतो जेमतेम ३ औंस, पण ओढताना पाणी असं धरतो की मऊ रॉड वाकूनच राहतो. तिथे वजन विसरा, एक पायरी वरचा, म्हणजे अधिक कडक रॉड घ्या. लांबी साडेआठ-नऊ फूट. बोटीशेजारी ल्यूर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायला सोपं जातं.