१,४२,८५७ चे गुणधर्म शोधताना या चुका टाळा

डहाणूत गणिताची शिकवणी घेताना दर पावसाळ्यात मी ही संख्या फळ्यावर लिहिते. वीज गेली तरी वही-पेनावर भागतं. 'हर्षद संख्या' हे नाव देणारे आणि ६१७४ या स्थिरांकाचा शोध लावणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली याच गावात जन्मले; त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांमध्ये १,४२,८५७ येते, म्हणून ती माझी लाडकी. वह्या तपासताना दिसतं की मुलांना पद्धत येत असते, पण ती एक पायरी आधीच थांबतात.

सगळ्यात जास्त घोळ मूळ अवयवांत होतो. अंकांची बेरीज २७, म्हणून ३ ने भागलं: ४७,६१९. लगेच पुढच्या मूळ संख्येकडे धावू नका, भागाकारावर ३ ची कसोटी पुन्हा लावा. १५,८७३ येतात, मग ५,२९१. आता बेरीज १७, म्हणजे ३ संपला.

५,२९१ ला ११ ची कसोटी लावताना एकाआड एक अंकांच्या बेरजा येतात ३ आणि १४. फरक शून्य नाही, म्हणून कितीतरी मुलं ११ वर काट मारतात. पण फरक ११ च्या पटीत असला तरी भाग जातो, आणि इथे तो नेमका ११ आहे. भागाकार ४८१.

या ४८१ पाशी हुशार मुलंही फसतात. २, ३, ५, ७, ११ ने भाग जात नाही म्हणून तिला मूळ संख्या ठरवून मोकळी होतात. २२ चा वर्ग ४८४, म्हणजे २२ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्या तपासायलाच हव्यात. उरल्या तीनच: १३, १७, १९. त्यात १३ ने भाग जातो आणि ३७ मिळतात. हे सुटलं तर पुढचंही बिघडतं. ३³ × ११ × १३ × ३७ असेल, तर प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं: ४ × २ × २ × २ = ३२ विभाजक. ४८१ मूळ धरली की १६ च येतात.

हर्षद संख्या म्हणजे जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. इथे २७ ने भागायचं; २ + ७ = ९ करून ९ ने नव्हे. शिवाय बेरीज २७ आली म्हणजे २७ ने भाग जातोच, असंही नाही. १,८९९ घेऊन बघा, बाकी ९ उरते.

आता कापरेकर संख्येची पडताळणी. कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की तीच संख्या परत येते ती. वर्ग करा: २०,४०,८१,२२,४४९. हे अकरा अंक. मुलं डावीकडून सहा अंक तोडतात, २,०४,०८१ आणि २२,४४९ मिळवतात, आणि 'जमत नाही' म्हणून वही मिटतात. आपली १,४२,८५७ ही संख्या सहा अंकी आहे, तेव्हा वर्गाचे सहा अंक उजवीकडून मोजा: २०,४०८ + १,२२,४४९ = १,४२,८५७.

एवढं करूनही कुणाचं उत्तर १,४२,८५८ येतं. तेव्हा मी आधी कॅल्क्युलेटर मागते. दहाच अंक दाखवणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर शेवटचे ४९ पूर्णांकित करून ५० करतो. संख्या ७ वर संपते, म्हणजे वर्गाच्या एकक स्थानी ९ च हवा. तिथे ० दिसला, तर गुणाकार हाताने करा.