परसातला सुरण: एका पानावरचं पीक

सुरण लावला की उगवतोच, त्यात शंका नाही. तक्रार असते ती पुढची: आठ-नऊ महिने वाट पाहून खणावं तर पुरली होती तेवढीच फोड परत हाती येते. असं का होतं हे कळायला जमिनीवर आणि जमिनीखाली काय चाललेलं असतं ते आधी पाहावं लागतं.

सुरणाचं जे झाड दिसतं ते झाड नसून एकच पान असतं. ठिपक्याठिपक्यांचा जाड दांडा हा त्या पानाचा देठ आणि वरची छत्री हे त्याचं पातं. गड्ड्यात जे काही साठतं ते या एका पानाच्या जिवावर. कधी शेजारून दुसरं पान येतं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. वांग्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. इथे ऑगस्टमध्ये देठ मोडला की त्या वर्षीचं पीक जवळजवळ संपलं. दुसरी गोष्ट म्हणजे पुरलेली फोड फुगून मोठी होत नाही. पान उभं करण्यात तिच्यातला साठा खर्ची पडतो, ती सुकते आणि नवा गड्डा तिच्या वर, देठाच्या बुडाशी धरतो. म्हणून फोड उथळ पुरली आणि नंतर मातीची भर दिली नाही, तर नव्या गड्ड्याला फुगायला जागाच उरत नाही.

बियाणं निवडताना कंजूषी करू नये. जेवढी फोड मोठी तेवढं पान मोठं आणि तेवढाच गड्डाही. परसातल्या लागवडीला अर्धा किलो ते एक किलोची फोड घ्यावी. शंभर-दीडशे ग्रॅमचे तुकडे उगवतात, पण पहिल्या वर्षी त्यांच्यापासून भाजीजोगं काही मिळत नाही. भाजीवाल्याकडून घ्यायचा तर कापलेला तुकडा न घेता अख्खा गड्डा घ्यावा. वरच्या खळग्यातला डोळा शाबूत आहे ना, बोटाने दाबल्यावर कुठे मऊ लागत नाही ना, हे पाहावं. अख्खा गड्डा एक किलोच्या आसपास असेल तर न कापता लावणं सगळ्यात चांगलं. जातींमध्ये ‘गजेंद्र’ घरासाठी सोयीची. आंध्रातल्या कोव्वूरकडची ही निवड गुळगुळीत असते, खाज अगदी कमी आणि बगलेला पिल्लं, म्हणजे छोटे जोडगड्डे, धरत नाही. गावठी सुरण खडबडीत, पिल्लांनी भरलेला आणि चांगलाच खाजरा. चवीला तोच सरस, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते फारसं चूक नाही.

मोठा गड्डा कापायचा तर कलिंगडाच्या फोडींसारखा, वरून खाली उभा कापावा, म्हणजे मधल्या डोळ्याभोवतालच्या कड्याचा थोडा भाग प्रत्येक फोडीला येतो. आडवा कापला तर खालच्या तुकड्यांना डोळा येत नाही आणि ते बहुधा मातीतच कुजतात. कापण्याआधी हातांना खोबरेल लावावं. कापलेल्या फोडी शेणाच्या दाट काल्यात बुडवाव्यात. काल्यात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर, किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम या हिशेबाने, मिसळली तर पुढे बुडकुजीचा, म्हणजे देठ बुडाशी कुजण्याचा, त्रास कमी होतो. मग एक-दोन दिवस सावलीत पसरून काप पूर्ण सुकू द्यावेत. ओल्या कापाची फोड पुरणं हे बियाणं सडण्याचं पहिलं कारण आहे.

लावणीची वेळ पाण्यावर ठरते. पाण्याची सोय असेल तर मार्च-एप्रिल, नसेल तर मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर. कोकणात हीच दुसरी वेळ जास्त चालते. कोंब वर यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर उकरून पाहू नये, कारण कोवळा कोंब तुटला की पुढचा फुटायला पुन्हा तेवढाच वेळ जातो. त्या मोकळ्या जागेत मेथी, कोथिंबीर किंवा चवळी निघून जाते. सुरणाची छत्री पसरेपर्यंत ती काढून झालेली असते.

जागा पाणी न साचणारी हवी, ही एकच अट सोडता येत नाही. नारळी-केळीची विरळ सावली सुरणाला चालते. दाट सावलीत देठ उंच होतो पण गड्डा लहान राहतो. दोन सुरणांत तीन फूट अंतर ठेवून दोन फूट लांब-रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्यावा. वरची माती, दोन किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी लाकडाची राख एकत्र करून खड्डा निम्म्याच्या वर भरावा. फोड डोळा वर करून ठेवावी आणि वर चार-पाच बोटं माती येईल असं झाकून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन द्यावं. शेणखत कच्चं असेल तर त्या वर्षी न घातलेलं बरं, कारण बुडकुजीची बुरशी न कुजलेल्या काडीकचऱ्यावरच पोसते. काळ्या चिकट जमिनीत खड्ड्याऐवजी फूटभर उंचीचा गादीवाफा करावा. खड्डा तिथे पावसाळ्यात डबकं होतो.

लावल्यावर साधारण दीड महिन्याने, पान उलगडलं की, पहिली भर. रासायनिक खत देत असाल तर त्याच वेळी एका रोपाला युरिया ७ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ३० ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश ७ ग्रॅम, देठापासून वीतभर लांब गोलाकार द्यावं. महिन्याने दुसरी भर, तेव्हा फक्त युरिया आणि पोटॅश तेवढंच. नुसत्या सेंद्रियवर करायचं तर प्रत्येक भरीला किलोभर गांडूळखत आणि मूठभर राख. शेवटी बुंध्याशी मातीचा चांगला उंचवटा दिसला पाहिजे. भर लावताना कुदळ-विळा देठाला लागू देऊ नये. बुंध्याजवळचं तण हातानेच उपटावं.

हे एवढं जपून सांगण्याचं कारण बुडकूज. भर पावसात, जमिनीलगत देठावर पाणी धरल्यासारखा तपकिरी डाग पडतो, त्यावर कापसासारखे पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात आणि एका सकाळी ते पान आडवं झालेलं असतं. जखम आणि साचलेलं पाणी या तिच्या दोन वाटा. डाग लहान असतानाच बुंध्यालगतचं आच्छादन दूर करावं, पाण्याला वाट काढून द्यावी आणि कॅप्टन हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम मिसळून मुळाशी ओतावं. पान कोसळल्यावर औषधाचा उपयोग नाही. खालचा गड्डा काढून चांगला भाग खाऊन टाकावा. बियाण्याला तो ठेवू नये. पानावर फिक्या-गडद हिरव्या रंगाचे चट्टे आणि पातं आखडलेलं असेल तर तो मोझॅक, विषाणूचा रोग. त्यावर औषध नाही. त्याचंही बियाणं धरू नये. वाऱ्याच्या जागी देठाला काठीचा आधार द्यावा, मात्र काठी फूटभर दूर रोवावी, नाहीतर ती सरळ गड्ड्यात घुसते. रानालगतच्या गावांत रानडुक्कर आणि साळिंदर यांच्यापुढे कुंपणाशिवाय इलाज नाही.

गच्चीवर करायचा तर किमान दीड फूट रुंद आणि तेवढीच खोल पिशवी, तळाला भरपूर भोकं. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा भाताचं तूस. पिशवी सुरुवातीला दोन तृतीयांशच भरावी, वरची जागा पुढच्या दोन भरींसाठी. ती काठोकाठ भरून टाकणं ही गच्चीवरची नेहमीची चूक. पानाचा घेर तीन-चार फूट होतो, तेवढी जागा सोडावी.

मोठा गड्डा लावला तर कधी उन्हाळ्याच्या शेवटी पानाआधी जांभळट, जाडजूड फूल येतं आणि एक-दोन दिवस मेलेल्या जनावराची दुर्गंधी पसरते. माश्या आणि किडे बोलावण्याची ती युक्ती. फूल वर येताच कापून टाकलं तर साठा वाचतो आणि पान मागाहून येतं. पावसाच्या सुरुवातीला ठाणे-रायगडकडे काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घालून ज्यांची भाजी करतात ती शेवळं याच कुळातली. सुरणाचं फूल मात्र त्या हिशेबाने शिजवायला जाऊ नये.

पाऊस संपल्यावर ओल पाहून आठवड्याने पाणी द्यावं. नोव्हेंबरपासून पान पिवळं पडू लागलं की पाणी तोडावं. देठ पूर्ण वाळून हलक्या हाताने अलग झाला की सुरण तयार. हिरव्या पानाखालचाही काढता येतो, पण तो जास्त खाजतो आणि टिकत नाही. बुंध्यापासून फूटभर लांबून गोल खणत आत यावं. चांगल्या जमिनीत अर्ध्या किलोच्या फोडीपासून दोन-तीन किलो मिळायला हरकत नाही, पिशवीत दीड किलो म्हणजे उत्तम.

काढलेला सुरण धुऊ नये. माती झटकून, चार दिवस सावलीत वाळवून, हवेशीर कोपऱ्यात कोरड्या वाळूवर एकेरी मांडावा. जिथे खणताना लागलं असेल तिथे राख चोळावी आणि तो आधी खावा. पांढरा पिठ्या ढेकूण ही कीड दिसली तर तो गड्डा लगेच वेगळा काढावा. भाजी करताना साल जाड काढून फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडाव्यात. घशाला टोचतात ते ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, आणि आंबटाने ती खाज बरीच आटोक्यात येते. बियाण्याचे गड्डे दोन-तीन महिने झोपलेले असतात, डिसेंबरात काढलेला मार्चआधी सहसा हलत नाही. गावठी सुरणाची बगलेची पिल्लं टाकू नयेत. कुंपणाकडेला वेगळी लावावीत आणि दर वर्षी काढून पुन्हा लावत राहिलं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती खाण्याजोगी होतात.