सोलापूरकरांनो, रेंज ट्रेकला निघताय? या चुका टाळा

कोजागरीला रात्रभर चालून तुळजापूर गाठणारं आपलं गाव. पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता, शेवटी घाट आणि मग आईचं दर्शन. त्यामुळे चालायचं म्हटलं की सोलापूरकर मागे हटत नाही. पण दिवाळीनंतर राजगड-तोरणा-रायगडसारख्या रेंज ट्रेकचे, म्हणजे मुक्काम करत एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जायचे, बेत सुरू झाले की हाच आत्मविश्वास नडतो, कारण तयारी सगळी सपाटीच्या हिशेबाने केलेली असते. एका दिवसात एक गड करून घरी येण्यात मजा आहेच. पण काल जिथे मुक्काम केला तो गड आज पाठीमागे निळसर दिसावा आणि उद्याचा समोर उभा असावा, हे सुख लांबच्या वाटेवरच मिळतं. ते गुडघे धरून बसण्यात वाया जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

किलोमीटर बघून वेळ ठरवू नका

राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची गाठायची, हे अंतर ऐकायला दहा-बारा किलोमीटर. आपल्याकडे तेवढं अडीच तासांत होतं. तिथे सॅक घेऊन अख्खा दिवस गेला तरी नवल नाही. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक सोपा हिशेब मांडला होता : दर 5 किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. यात विश्रांती धरलेली नाही. ऊन, सॅकचं ओझं आणि घसारा (पायाखाली सुटणारी मुरमाड वाट) धरून आलेल्या उत्तराची किमान दीडपट करा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तोरण्याखालच्या शिडीशी अंधारात पोहोचायचं नसेल तर राजगडावरून उजाडताच निघायला हवं.

सराव चढाचा होतो, उताराचा राहून जातो

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. महिनाभर रोज सकाळी संभाजी तलावाकडे किंवा मैदानावर झपाझप चालतात आणि तयारी झाली असं समजतात. दम वाढतो, हे खरं. पण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला वेगळंच काम पडतं. प्रत्येक पावलाला तो ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलून धरतो. सवय नसलेल्या स्नायूला याने बारीक इजा होते आणि दुखणं लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते चरम सीमेला जातं, म्हणजे नेमकं कोकणात उतरायच्या वेळी.

यावर उपाय चांगला आहे. एकदा नीट उताराचा सराव झाला की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढ्या उताराला कमी कुरकुरतो. गावात डोंगर नाही म्हणून अडायचं कारण नाही. चार-पाच मजली इमारतीचा जिना घ्या, सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टाका आणि उतरताना घाई न करता, गुडघा किंचित वाकवून, आवाज न होता पाऊल टेकवा. पाय धप्पकन आपटला तर समजा की स्नायू थकला, आणि तिथे थांबा. आठवड्यातून दोनदा पुरे. एखाद्या रविवारी तुळजापूरच्या घाटात चढ-उतार करा, रहदारी सांभाळून. ट्रेकच्या आधीचा शेवटचा आठवडा मात्र हलका ठेवा.

ट्रेकमध्येच गुडघा बोलू लागला तर काठी घ्या, पावलं लहान करा आणि शक्य तिथे नागमोडी उतरा. जोडीदाराला थोडं ओझं द्यायला लाजू नका.

बूट आणि बोटं

नवे कोरे बूट थेट ट्रेकला नको, हे सगळ्यांना माहीत असतं. दोन-तीन वर्षं माळ्यावर पडलेले बूटही तितकेच धोक्याचे, हे फारसं कुणी सांगत नाही. न वापरताही बुटाच्या तळव्यातलं पॉलीयुरेथेन, म्हणजे फोमसारखं प्लास्टिक, हवेतल्या ओलाव्याने कालांतराने भुसभुशीत होतं, आणि सोल वाटेतच सुटतो. निघण्याआधी दोन्ही हातांनी बूट जोरात वाकवून बघा, कडेला अंगठ्याने दाबा. चिरा दिसल्या तर सोल नवा बसवून घ्या किंवा बूट बदला; भुसभुशीत तळव्यात शिवण टिकत नाही. सॅकमध्ये सुतळी आणि रुंद चिकटपट्टी ठेवा. सुटलेला सोल बांधून गावापर्यंत येता येतं.

पायाची नखं दोन दिवस आधी कापा. उतारावर बोटं पुढे आदळतात आणि वाढलेलं नख काळं पडतं. उतरण्यापूर्वी टाच मागे ठोकून, घोट्याजवळची नाडी घट्ट आवळून घ्या. तळव्याला कुठे चुरचुरलं की त्याच क्षणी थांबा, मोजा काढा, पाय कोरडा करा आणि पट्टी लावा. पुढच्या विश्रांतीपर्यंत दम धरलात की फोड आलाच.

घामाचा हिशेब तिकडे बदलतो

आपलं ऊन कोरडं. इथे घाम येतो आणि लगेच वाळतो, म्हणून अंग गार राहतं. रायगडाच्या बाजूला उतरलात की हवा दमट. घाम वाळत नाही, नुसता वाहतो, आणि अंग तापतच राहतं. चाळीस अंशांत वावरणारा माणूस तीस अंशांत का गळपटला, याचं कारण हे. पाणी घोट-घोट प्या, पण नुसतं पाणीच पीत राहू नका. अंगातलं मीठ कमी झालं तरी डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसची पाकिटं न्या. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. राजगड-तोरण्याच्या धारेवर पाण्याचा भरवसा नाही, म्हणून गडावरूनच बाटल्या भरून निघा.

सॅकमधलं सोलापूर

कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्याइतका टिकाऊ शिधा मला तरी माहीत नाही. पण भाकरी सॅकमध्ये नुसती खुपसली की तिचा चुरा होतो. ताटाएवढ्या चपट्या डब्यात, नाहीतर दोन पुठ्ठ्यांमध्ये फडक्यात बांधून, पाठीच्या बाजूला उभी ठेवा. ही कोरडी आणि चटणी तिखट. उघड्या धारेवर खाल्ली तर दुपारचं पाणी तिथेच संपेल. गडावरच्या पाण्याच्या टाक्याजवळ बसा, भाकरी पाण्यात मऊ करा आणि मग खा.

सोलापुरी चादर मात्र घरी ठेवा. जीव आहे तिच्यावर, तरी दवाने भिजली की जड होते आणि वाळत नाही. स्लीपिंग बॅग न्या. जाड टॉवेलऐवजी पातळ पंचा पुरतो.

वाट चुकली तर

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कमरेएवढं असतं आणि ढोरवाटा पायवाटेपेक्षा ठळक दिसतात. वाट कारवीच्या झुडपांत शिरून बारीक होऊ लागली, पावलांच्या खुणा संपल्या, की पुढे रेटू नका. शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. जीपीएस तरीही चालतं आणि बॅटरी वाचते. रायगडाकडे जाताना घाटमाथ्यावरच्या मोहरी गावापुढे वाटाड्या घ्याच. तिथून कोकणात उतरणारी बोराट्याची नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, सुट्या दगडधोंड्यांची आहे. तिथे एकाच्या बरोबर वर दुसरा असं उतरू नका, आणि दगड सुटला तर लगेच ओरडून सांगा.

परतीचं तिकीटही इथेच चुकतं. ट्रेक संपतो तो कोकणात. रायगडावरून महाड, तिथून घाट चढून पुणे, आणि मग आपले अडीचशे किलोमीटर उरतात. रविवारी रात्रीची पुण्याहून गाडी पकडायचीच, असं ठरवलं की शेवटचा दिवस धावण्यात जातो आणि रायगड बघायचा राहतो. सोमवारची रजा आधीच टाका.