पावसाळ्यातला मनी प्लांट: आधी बोट, मग तांब्या

जुलैची झड लागली की घरोघरचे मनी प्लांट पिवळे पडायला लागतात. पिवळं पान दिसलं की आपण पहिलं काय करतो? पाणी घालतो. निम्म्या वेली तिथेच हातच्या जातात. उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी मागणारी कुंडी मुंबई-कोकणाच्या दमट हवेत आठ-दहा दिवसही ओली राहते. ऊन नाही, पानातून पाणी उडत नाही, मग मुळांनी ते ओढायचं कशाला? ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मागून बुरशी येते.

म्हणून बोट दोन पेरं मातीत घाला. मातीचा कण बोटाला चिकटला तर त्या दिवशी पाणी नाही. सकाळी पानाच्या टोकाला थेंब लोंबताना दिसला तर घाबरू नका, तो रोग नव्हे. रात्री मुळांनी ओढलेलं जादा पाणी पान असं बाहेर टाकतं. उलट, 'मला पुरे' असा तो निरोप समजा आणि तांब्या खाली ठेवा.

शोभेच्या कुंड्यांशी माझं जुनं वैर आहे. भेट मिळालेल्या एका चिनी मातीच्या कुंडीला तळाला भोकच नव्हतं. मी हौसेने वेल लावली आणि ऑगस्टअखेर उपसली, तेव्हा तळाशी चार बोटं काळं पाणी होतं. अशी कुंडी वापरायचीच असेल तर आत भोकाची प्लास्टिकची कुंडी ठेवा, पाणी बाहेर घाला, निथळलं की परत आत.

तळाचं एखादं जुनं पान पिवळं झालं तर खुडून टाका, विषय संपला. पण चार-पाच पानं एकदम पिवळी पडली, देठाशी मऊ झाली, तर कुंडी उलटी करून मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो. वासही कुजकट. कुजका भाग टणक खोडापर्यंत छाटा, कुंडी धुऊन घ्या आणि नवीन मिश्रण भरा: दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा विटेचा चुरा. मुळं सगळीच गेली असतील तर ती वाचवत बसू नका, शेंड्याची कलमं घ्या.

कलमांना हाच हंगाम. वेलीच्या पेराखाली, म्हणजे पान फुटतं त्या गाठीखाली, अर्धा इंच तिरका काप द्या. प्रत्येक कलमावर दोन-तीन पेरं हवीत, खालचं पान काढून टाका. पेराजवळ तपकिरी टोचासारखी हवाई मुळं असतात, ती मिश्रणात गेली पाहिजेत. सहा इंची कुंडीत चार-पाच कलमं एकत्र लावली की कुंडी भरगच्च दिसते. रोपवाटिकेवाल्यांनी पिशव्या शेडनेटखाली, पण पावसाची थेट धार लागणार नाही अशा ठेवाव्यात. चोरून आणलेलं कलमच लागतं म्हणतात. विकत आणलेलंही तितकंच लागतं.

बाटलीत वेल असेल तर पाणी आठवड्यातून एकदा बदलाच आणि बाटली आतून घासा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखालच्या बशीलाही हाच नियम.

उजेडाचं सोपं आहे. पानावरचे पिवळे-पांढरे पट्टे जाऊन नवीन पानं नुसती हिरवी येऊ लागली की कुंडी खिडकीजवळ सरकवा. ढगाळ दिवसांत खत जवळजवळ बंद ठेवा. उघडीप मिळाली तर महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, एवढंच. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले तर ओल्या फडक्याने पुसा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा. काळी चिलटं उडत असतील तर औषध शोधू नका, माती वाळू द्या.

घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर लोंबत्या फांद्या उंच ठेवा. ही वेल अळू-सुरणाच्याच कुळातली. चावली तर तोंडाला तशीच आग होते. छाटणी करणाऱ्यानेही हात धुवावेत.

आणि छाटलेल्या फांद्या सोसायटीच्या आंब्याखाली टाकू नका. त्या तिथे रुजतात, खोड धरून वर चढतात आणि दोन-चार वर्षांत सुपाएवढी, कडा चिरलेली पानं धरतात. खाली उभं राहून लोक विचारतात, ही कुठली वेल? दिवाणखान्यात तळहाताएवढी पानं सोडणारी तीच असते. श्रीलंकेत तिने जंगलात असाच उच्छाद मांडला आहे. छाट बारीक करून कंपोस्टमध्ये टाकायची झाली तर आधी फरशीवर पसरून कडकडीत वाळू द्या. ओलं पेर कंपोस्टच्या डब्यातही फुटतं.