सीपीएलला निघालात? आधी अपघातांचे अहवाल वाचा

उलव्याला विमानतळ झाल्यापासून आमच्या वाशीच्या क्लासमध्ये बारावी झालेल्या मुलामुलींची सीपीएलबद्दल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सबद्दल, चौकशी वाढली आहे. पहिला प्रश्न खर्चाचा, दुसरा किती महिने लागतील याचा. वाऱ्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून मी पहिल्याच आठवड्यात छोट्या विमानांच्या अपघातांचे चौकशी अहवाल वाचायला देते. अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थांचे, अमेरिकेच्या एनटीएसबीचे आणि आपल्या एएआयबीचे, अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात.

अमेरिकेच्या अहवालांत एक प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो. खाजगी धावपट्टी, स्वतःचं नाहीतर मित्राचं विमान, चालवणाऱ्याकडे लायसन्स नाही किंवा गाडं शिकाऊ परवान्यावरच अडलेलं, आणि वारा झोतांचा. उतरताना बाजूने झोत येतो, विमान धावपट्टी सोडून गवतात जातं. शेपटीखाली चाक असलेली विमानं यात जास्त फसतात, कारण त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा वळलं की शेपूट पुढे यायला बघते. मुलं म्हणतात, हात कच्चा असणार. असेलही. पण मला खटकतं ते वेगळंच: ‘आज नको’ म्हणायला त्या धावपट्टीवर कोणी नसतं.

आता हिशेब. समजा धावपट्टी २७, म्हणजे दिशा २७० अंश, वारा ३१० अंशांवरून १४ नॉट, झोत २६ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). कोन ४० अंशांचा, त्याचा साइन ०.६४. म्हणजे बाजूचा वारा सरासरीने ९ नॉट, पण झोतात जवळजवळ १७. सेसना १७२ च्या मॅन्युअलमध्ये बाजूचा वारा १५ नॉटपर्यंत करून दाखवल्याची नोंद आहे. मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, झोताचा आकडा येतो तोच मुळी तो सरासरीपेक्षा निदान १० नॉट जास्त असेल तेव्हा, त्यामुळे तो दिसला की गणित त्याच्यावर करायचं. शिवाय झोत ओसरला की समोरचा वारा एकदम घटतो आणि हवेतला वेग तेवढा पडतो. म्हणून उतरताना सरासरी आणि झोत यांच्यातल्या फरकाच्या निम्मा वेग वाढवून ठेवतात. इथे ६ नॉट. वाढवला की विमान धावपट्टीवर लांबपर्यंत तरंगतं, हेही लक्षात ठेवा.

१३ मे २०२४ ची दुपार ठाणे-नवी मुंबईत कोणी विसरलं नसेल. धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. वळवाच्या ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर पसरते तेव्हा असंच होतं, पाऊस पोचायच्या आधी वारा पोचतो.

लायसन्स म्हणजे ताईत नव्हे, हे पटायला अमेरिकेतल्या शायेनच्या १९९६ च्या अपघाताचा अहवाल वाचा. सात वर्षांच्या मुलीला अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे न्यायचा बेत होता. विमानात वडील होते, आणि लायसन्सवाला इन्स्ट्रक्टरही. ११ एप्रिलला वादळ जवळ येत असताना, झोतांच्या वाऱ्यात, जास्त वजन घेऊन, सहा हजार फुटांवरच्या विमानतळावरून त्यांनी उड्डाण केलं. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि तिघेही गेले. ठरलेलं वेळापत्रक आणि माध्यमांना दिलेले शब्द यांचा दबाव होता, असं एनटीएसबीने नोंदवलं आहे. नाही म्हणायचा अधिकार असलेला माणूस तिथे होता, तरी तो हो म्हणाला. मी हा अहवाल सगळ्यात शेवटी वाचायला देते.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात: स्टुडंट पायलट लायसन्स १६ व्या वर्षी मिळतं, सीपीएल १८ व्या वर्षी, किमान २०० तासांवर. स्कूलची फी भरण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकांची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. डोळ्यांचं काही निघालं तर पैसे गुंतवण्याआधी कळलेलं बरं.

घरबसल्या रोज सांताक्रूझचा मेटार काढा, तो दर अर्ध्या तासाला येतो. २७ आणि ३२ या धावपट्ट्यांसाठी बाजूचा वारा काढत जा. मेटारमधली वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते, धावपट्टीचा आकडा चुंबकीय उत्तरेपासून; मुंबईत फरक शून्याच्या आसपास, म्हणून इथे खपून जातं.

आणि फ्लाइंग स्कूल बघायला गेलात की विमानं किती आहेत ते सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, सोलो, म्हणजे एकट्याने उडणाऱ्या, विद्यार्थ्याला किती वाऱ्यापर्यंत सोडता, ते लिहिलेलं आहे का, आणि वाऱ्यामुळे शेवटचं सोलो कधी रद्द केलंत. शेवटच्या प्रश्नावर रजिस्टर उघडून दाखवणारं स्कूल माझ्या यादीत वर जातं.