सॅल्यूट मारताना या चुका टाळा, शाळेच्या ग्राऊंडवर पण आणि भरतीच्या पण

गेल्या १५ ऑगस्टला गावातल्या शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. रात्रभर पाणी पडलेलं, ग्राऊंडवर सगळा चिखल, तरी लेकरं धुतलेल्या ड्रेसमध्ये रांगेत उभी होती. आणि 'सलामी दो' म्हटल्यावर हात वर गेले तर कोणाचा तळवा समोर, कोणाचा जमिनीकडे, एकाचा तर डावाच हात, आणि मागच्या रांगेतल्या दोघांनी दोन बोटं कपाळाला लावून हिरोसारखी झटकली. लेकरांची चूक नाही म्हणत मी, त्यांच्यासमोर उभं राहून कोणी करून दाखवलंच नाही, सगळं मोबाईलवर पाहून शिकून राहिले. मी सतरा वर्षं पायदळात काढली, आता वावर पाहतो आणि पहाटे तालुक्याच्या ग्राऊंडवर भरतीच्या पोट्ट्यांना पळवतो, तिथंही रोज ह्याच चुका दिसतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

पहिले हे पाहा की सॅल्यूट कोणाचा शिकून राहिले

आमच्या इकडच्या पोरांचा घोळ होतो ते साहजिक आहे. कामठीला आर्मीच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आहे, नागपुरात वायुसेनानगरला एअरफोर्सच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे, त्यामुळे एकाच गावातला एक पोरगा आर्मीत, दुसरा एअरफोर्समध्ये, आणि दोघं सुट्टीवर आले की बारकी पोट्टी दोघांचं पाहून तिसरंच काहीतरी करतात.

आर्मीचा सॅल्यूट म्हणजे पंजा पूर्ण उघडा, तळवा समोर, समोरच्याला तुमच्या हातावरच्या रेषा दिसल्या पाहिजेत. नेव्हीचा तळवा खाली जमिनीकडे असतो, समोरच्याला तो दिसतच नाही. जुने लोक सांगतात की जहाजावर दोर आणि डांबराची कामं करून हात काळे व्हायचे, ते साहेबाला दिसू नयेत म्हणून असा पडला. एअरफोर्सचा दोन्हीच्या मधला, तळवा जमिनीशी ४५ अंशात. एअरफोर्सवाले आधी आर्मीसारखाच मारायचे, मार्च २००६ मध्ये त्यांनी बदलला, म्हणून घरातला जुना रिटायर्ड काका एक शिकवतो आणि नवीन भरती झालेला पुतण्या दुसरं, आणि दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असते. पोलिसांचा आर्मीसारखाच, तळवा समोर. एनसीसीत ज्या विंगमध्ये आहात त्या दलाचा. स्काऊटचा तर पूर्ण वेगळा, तीन बोटं सरळ आणि अंगठा करंगळीवर, तो स्काऊटच्या ड्रेसमध्येच करायचा, भरतीच्या ग्राऊंडवर नाही. इंग्रजी पिक्चर पाहून तळवा आत वळवलेला सॅल्यूट मारणारे पण भेटतात, तो अमेरिकेचा आहे, आपला नाही.

म्हणजे आधी ठरवा, मग हात उचला. अर्धा आर्मीचा अर्धा एअरफोर्सचा असा सॅल्यूट नसतो.

हात कुठं बिघडते आणि कसा दुरुस्त करायचा

आमचे उस्ताद, म्हणजे ट्रेनिंगमध्ये ड्रिल शिकवणारे, म्हणायचे, हात लंबे रास्ते से जाएगा, छोटे रास्ते से आएगा. म्हणजे वर जाताना हात बाजूनं, खांद्याच्या लाइनीत सरळ वर न्यायचा, मग कोपरात वाकवून कपाळाशी आणायचा, आणि खाली येताना जवळच्या रस्त्यानं सरळ बाजूला. नव्वद टक्के पोट्टे उलटं करतात, हात छातीसमोरून उचलतात जसा घाम पुसून राहिले, आणि खाली आणताना मात्र मोठा गोल फिरवून आणतात.

सगळ्यात जास्त त्रास कोपराचा. सॅल्यूटमध्ये दंड खांद्याच्या लाइनीत आणि जमिनीला समांतर पाहिजे, पण दोन-तीन सेकंदात कोपर खाली लोंबते नाहीतर पुढं येते, कारण खांद्याला ताकदच नसते, पोट्टे धावण्याची प्रॅक्टिस करतात पण खांद्याची करतच नाहीत. ह्याच्यावर माझा उपाय साधा आहे: घराच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, टाचा, खांदे, डोकं भिंतीला टेकलेलं, आणि हात असा वर न्यायचा की कोपर भिंतीला घासत गेलं पाहिजे, भिंत सोडली की समजायचं कोपर पुढं आलं. वर नेल्यावर तिथंच थांबायचं, शंभर मोजेपर्यंत. पहिल्या दिवशी तीसलाच हात कापते, पंधरा दिवसांत बसते.

मनगट मोडणं ही दुसरी. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ पाहिजे, पण पोट्टे मनगटातून वाकवतात. शाळेतली एक फुटी पट्टी घ्या, हाताच्या मागच्या बाजूनं रुमालानं बांधा, आणि त्याच्यासकट वीस-पंचवीस सॅल्यूट मारा, मनगट वाकलं की पट्टी टोचते, सांगायला कोणी लागत नाही. अंगठा सुटत असेल तर अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये कागदाची चिठ्ठी धरा, पडली की चुकलं.

बोट नेमकं कुठं यावं हे बरेच जण विचारतात. पहिल्या बोटाचं टोक उजव्या डोळ्याच्या साधारण १ इंच वर. कपाळाच्या मधोमध नाही, कानाशी नाही, आणि भुवईखाली तर अजिबातच नाही, डोळा झाकला की समोरचा दिसत नाही. आणि हात डोक्याकडे येतो, डोकं हाताकडे जात नाही. मान वाकवून सॅल्यूट मारणारा दुरूनच ओळखू येतो. ही चूक स्वतःला दिसत नाही, त्यासाठी एका मित्राला समोर उभं करा आणि फक्त मानेकडे पाहायला सांगा.

गिनती पण घाईत गिळतात. एक म्हणजे हात वर, दो-तीन थांबायचं, परत एक म्हणजे खाली. हा मधला दो-तीनच खरा सॅल्यूट आहे, तेवढ्या वेळात तुम्ही समोरच्याकडे पाहता आणि तो तुमच्याकडे. तोच वगळला तर राहिलं काय, माशी हाकलल्यासारखा हात हलला एवढंच. खाली आल्यावर मूठ बंद करायची, पण मांडीवर फटका नाही मारायचा, आवाज मोठा आला म्हणजे सॅल्यूट कडक झाला असं नसते.

पाय, टोपी आणि बाकीचं

सॅल्यूट सावधानमधूनच निघतो. विश्राममध्ये पाय फाकवून नुसता हात वर केला तर त्याला काही अर्थ नाही. टाचा जुळलेल्या, पंजे ३० अंशात उघडे, डावा हात मूठ बंद करून मांडीला चिकटलेला. डावा हात हलला, खिशात गेला, त्यात मोबाईल असला की सगळं गेलं. आणि आमच्या भागात हे लिहावंच लागते, तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, धरून सॅल्यूट नाही मारायचा. भरतीला येणाऱ्या पोट्ट्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, खर्रा असेल तर ग्राऊंडच्या बाहेर थुंकून, चूळ भरून या, नाहीतर घरी जा.

आता टोपी. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात मी आंघोळ करून बाल्टी घेऊन बराकीकडे येऊन राहिलो होतो, डोक्यावर काही नाही, समोरून साहेब आले, मी बाल्टी खाली ठेवली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून सॅल्यूट मारला. साहेब काही बोलले नाहीत, पुढं गेले. संध्याकाळी उस्तादांनी मला बाजूला बसवून शांतपणे समजावलं की आपल्या फौजेत उघड्या डोक्यानं हातानं सॅल्यूट करत नाहीत, सावधान होऊन 'जय हिंद साहब' म्हणायचं, तेवढ्यात पूर्ण मान पोचते. त्या वेळी वाईट वाटलं होतं, पण त्यांनी कारण पण सांगितलं, की सॅल्यूट वर्दीचा असतो, आणि वर्दी टोपीशिवाय पूर्ण नाही. दोन्ही हातात सामान असेल तरी तेच, सामान फेकून हात उचलायचा नाही, सावधान आणि जय हिंद. हातात रायफल असेल तर हातानं सॅल्यूट नाहीच, तिथं 'सलामी शस्त्र' असते.

चालता चालता सॅल्यूट मारायचा असेल तर 'दाहिने सॅल्यूट' असो की 'बाएँ सॅल्यूट', हात उजवाच. 'बाएँ' ऐकलं की नवीन पोरं हमखास डावा हात उचलतात. मान डावीकडे वळते, हात तोच राहते. डावा हात चालत असलेला पण थांबवायचा. आणि धावता धावता सॅल्यूट कधीच नाही, आधी चालीवर या.

सॅल्यूट एकतर्फी नसतो हे पण लक्षात घ्या. जवान मारतो तो साहेबाच्या राष्ट्रपतींकडून मिळालेल्या कमिशनला, म्हणजे अधिकारपदाला, आणि साहेबाला तो परत द्यावाच लागतो. म्हणून सॅल्यूट मारणारा लहान होतो असं कोणी समजू नये, माझ्याकडे येणारी काही पोरं पहिले लाजतात ते ह्याच्याचमुळे.

भरतीच्या ग्राऊंडवर मात्र सॅल्यूट मारत फिरू नका. तुम्ही अजून भरती झालेले नाही, अंगात बनियन आणि हाफ पँट, डोक्यावर काही नाही, आणि दिसेल त्याला, अगदी पाणी वाटणाऱ्यालाही सॅल्यूट ठोकून राहिले. सावधान उभे राहा, नजर समोर, 'जय हिंद सर', विचारलं तेवढं उत्तर. फौजी रंगाचा टीशर्ट घालून जायची पण गरज नाही. पोलीस भरतीलाही हेच.

झेंडावंदनाच्या चुका

इथं गावोगावी सारखंच चालते. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे आणि त्यात सरळ लिहिलं आहे, झेंडा फडकताना सगळ्यांनी झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं, आणि जे वर्दीत आहेत त्यांनी सॅल्यूट द्यायचा. म्हणजे धोतर-टोपीतल्या आजोबांनी, सरपंच ताईंनी, ग्रामसेवकांनी हात उचललाच पाहिजे असं नाही, ताठ उभं राहिलं की मान दिला. छातीवर हात ठेवायची जी नवीन टूम निघाली ती अमेरिकेतली आहे. प्रमुख पाहुणे उघड्या डोक्यानं सलामी घेऊ शकतात, तेही संहितेत आहे, त्यामुळे ऐनवेळी साहेबांसाठी टोपी शोधत पळायचं काम नाही.

शाळेच्या लेकरांची सलामी संहितेत वेगळी दिली आहे. झेंडा फडकतो, हुकूम मिळतो, लेकरं सलामी देतात, थोडा वेळ ठेवतात, मग दुसऱ्या हुकुमावर हात खाली घेऊन सावधान होतात, आणि त्याच्यानंतर राष्ट्रगीत, ते सावधानमध्येच. आमच्याकडे होते काय की हात खाली घ्यायचा हुकूमच कोणी देत नाही, आणि पहिली-दुसरीची लेकरं राष्ट्रगीताचे पूर्ण ५२ सेकंद हात वर धरून उभी, हात दुखते, मग एक हात दुसऱ्या हातानं उचलून धरतात. गुरुजींनी एवढा एक हुकूम लक्षात ठेवला तर अर्ध्या चुका तिथंच संपतात. आणि प्रॅक्टिस आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं नाही, आठवडाभर रोज दहा मिनिटं. १४ एप्रिलला समता सैनिक दलाची पोरं बाबासाहेबांना मानवंदना देतात ती एका लाइनीत दिसते ना, ती रोजच्या सरावानंच दिसते.

गावात जवानाची अंत्ययात्रा येते तेव्हा

हे लिहिताना हात जड होते, पण लिहायला पाहिजे. माझ्या सोबतच्या एकाला आम्ही असंच त्याच्या गावी आणलं होतं. पूर्ण पंचक्रोशी लोटली, पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वावरात, उभे राहून लोक पाहत होते, सगळ्यांच्या मनात मायाच होती, पण कोणाला कधी काय करायचं ते माहीत नव्हतं.

शवपेटीवर तिरंगा असतो, केशरी पट्टा डोक्याकडे. त्याच्यावर लोक हार-फुलं फेकतात, गर्दीत तो सरकतो, तो सोबतच्या जवानांना नीट करू द्या, आपण ओढू नका. झेंडा चितेवर जळत नाही, मातीत उतरत नाही, आधी काढून घडी घालतात. जवान 'शोक शस्त्र' करतात तेव्हा रायफलीचं तोंड खाली आणि जवानांच्या माना खाली असतात, आणि बिगुलवर लास्ट पोस्ट, म्हणजे निरोपाची धून, वाजतो तेव्हा पूर्ण शांतता पाहिजे. त्या वेळी 'अमर रहे' ची घोषणा देऊ नका. घोषणा द्याच, रस्त्यानं येताना गळा फाटेपर्यंत द्या, पण बिगुल सुरू झाला की थांबा. फैरी झाडल्यावर पोट्टे रिकामी काडतुसं उचलायला धावतात, ती जवानांना मोजून परत जमा करावी लागतात, लेकरांना हाताशी धरून ठेवा.

वर्दीतले सॅल्यूट देतील. तुम्ही साध्या कपड्यात असाल तर सावधान उभे राहा, हात जोडायचे असतील तर जोडा, ते चुकीचं नाही. एका हातानं सॅल्यूट आणि दुसऱ्या हातानं व्हिडिओ मात्र नको. गेलेल्या जवानाच्या बापाला समोर हे दिसत असते, त्या दिवशी मी त्यांच्याच बाजूला उभा होतो. शेवटी घडी घातलेला तिरंगा घरच्यांच्या हाती देतात, तो देईपर्यंत कोणी जागेवरून हलू नये, गाड्या काढायची घाई करू नये.