जुन्या डीप फ्रीझरमध्ये उन्हाळी पालक-लेट्यूस: या चुका टाळा

जुना डीप फ्रीझर म्हणजे आत दिवे लावून उन्हाळ्यात पालेभाजी वाढवायची थंड पेटी. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि पेटीत २० अंश हवेत, म्हटले की लोक आधी भिंती जाड करायला घेतात. थर्मोकोलवर थर्मोकोल चढतो, तरी पेटी २८ च्या खाली उतरत नाही. कारण उष्णता आतच तयार होत असते. २०० लिटरच्या आडव्या डीप फ्रीझरच्या भिंतींत पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम असतो. बाहेर-आत २३ अंशांचा फरक असला तरी त्यातून साधारण २०-२५ वॅट उष्णता आत येते. आतल्या दिव्यांना दिलेली ६० वॅट वीज मात्र जवळजवळ सगळी उष्णताच होते. उन्हापेक्षा दिवे दुपटीहून भारी पडतात.

म्हणून दिवे दिवसा लावू नका. रात्री ९ ते सकाळी ९ ठेवा. झाडाला त्याने काही फरक पडत नाही, आणि कॉम्प्रेसरला उष्णता तापलेल्या दुपारच्या हवेऐवजी रात्रीच्या हवेत टाकायची असते. बाकीचे १२ तास झाकण घट्ट आणि आत पूर्ण काळोख हवा.

याच हिशेबात पेल्टियरचा, म्हणजे विजेवर एका बाजूने गार होणाऱ्या चकतीचा, मोह सुटतो. १२ व्होल्टची एक चकती ५०-६० वॅट वीज खाते आणि एवढ्या फरकाला बऱ्याचदा त्याच्या निम्मीही उष्णता उचलत नाही. दह्याच्या डब्यापुरती ठीक.

सगळ्यात महागात पडते ती चूक ड्रिलची. आडव्या फ्रीझरच्या चारही भिंतींत गॅसच्या नळ्या फिरलेल्या असतात. वायरसाठी भोक पाडायला गेलात की फ्रीझर भंगारात. त्यावर आर-६००ए लिहिले असेल तर तो ज्वलनशील गॅस आहे, तिथे ठिणगी म्हणजे जिवाशी खेळ. झाकण काढून, फ्रीझरच्या तोंडावर १२ मिमी प्लायवूडची ३० सेंमी उंच चौकट बसवा, आतून ५० मिमी थर्मोकोल लावा आणि झाकण वर ठेवा. दिवे, पंखा, वायरी सगळे त्या चौकटीतून. दिव्यांना उंचीही मिळते. वायर बोर्डाकडे नेताना मध्ये खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता तिथेच ठिबकेल. मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

तापमानासाठी एसटीसी-१००० सारखा, सेन्सर पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा कंट्रोलर पुरतो. एफ१ (हवे ते तापमान) वर २०, एफ२ (चालू-बंदमधला फरक) वर १ अंश, एफ३ (थांबण्याचा वेळ) वर ५ मिनिटे. ही ५ मिनिटे कॉम्प्रेसरची विश्रांती. ती कमी केली की तो सारखा चालू-बंद होऊन जळतो. फ्रीझरचा मूळ थर्मोस्टॅट सर्वांत थंड आकड्यावर ठेवा. सेन्सर भिंतीला चिकटवू नका: भिंतीवर हिम साचते, कंट्रोलरला वाटते काम झाले, आणि पानांपाशी २६ अंश असतात. सेन्सर पानांच्या उंचीवर, भिंतीपासून १० सेंमी दूर लोंबता ठेवा. वर अॅल्युमिनियम फॉइलची टोपी, म्हणजे दिवा थेट लागत नाही. कुंड्याही भिंतीपासून दूर, नाहीतर टेकलेली पाने गारठून काळी पडतात.

रोपे लांबुडकी, लोळणारी झाली तर प्रकाश कमी आहे. ८० × ४५ सेंमी जागेला दोन फुटी १० वॅटच्या सहा पांढऱ्या एलईडी ट्यूब लागतात. पानांवर १५-१७ हजार लक्स (उजेडाचे माप) मिळाले पाहिजेत. तास मात्र वाढवू नका. पालकाला १४ तासांहून जास्त उजेड मिळाला की कांद्याला डोंगळे यावेत तसा तो फुलावर येतो. लेट्यूस एरवी १६ तासही सोसते, पण पालकाशेजारी लावले तर त्यालाही बाराच.

लेट्यूसचे बी ३० अंशांच्या वर झोपून जाते. ओल्या कागदात घालून १८-२० अंशांत ठेवा आणि पेरताना मातीने झाकू नका, बऱ्याच वाणांना उजेड लागतो. कोथिंबिरीचे धने चपलेने रगडून दोन फाका करा. ही आजीची युक्ती पेटीतही तितकीच चालते.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या की लोक अंड्याची टरफले कुटून घालतात. मातीत कॅल्शियम बहुधा पुरेसे असते. पण हवा दमट आणि स्तब्ध असल्याने आतली पाने पाणी सोडत नाहीत, आणि पाण्याबरोबर येणारे कॅल्शियम तिथवर पोचत नाही. संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा वरून झाडाच्या गाभ्यावर सोडा. दुसरा छोटा पंखा टायमरवर, दिवे चालू असताना तासाला ५ मिनिटे बाहेरची हवा आत घेणारा. ती न मिळाल्यास कार्बन डायऑक्साइड संपतो आणि सगळे नीट असूनही वाढ थांबते. कोकणात हीच हवा भरपूर पाणी आणते. तळाचे बूच उघडे ठेवा आणि कुंड्या जाळीवर ५ सेंमी उंच ठेवा, नाहीतर रोपे बुडाशी कोलमडतात.

वीज गेली तर झाकण उघडू नका. दिवे बंद झाल्याने मोठी उष्णता थांबलेलीच असते. तळाशी पाण्याच्या बाटल्यांत १० लिटर पाणी ठेवले असेल, तर भिंतीतून येणाऱ्या उष्णतेने तापमान तासाला दोनेक अंशच चढते.